माझ्या पोटातलं जड पाणी

मी एक जुनी बाटली आहे. जाड काचेची, बुटकी, खांद्याला रुंद आणि मानेला आखूड. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर म्हणाल, "ह्यॅ, यात तर नुसतं पाणी आहे!" तुमचं फार चुकणार नाही. माझ्या पोटात पाणीच आहे. पण ते कसलं पाणी, यावरून एका साध्यासुध्या बाईमाणसाची अब्रू पणाला लागली होती. तीच गोष्ट आज सांगणार आहे. आधी मात्र माझी ओळख करून घ्या, नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरायचं नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. कारागिराने लांब नळीतून फुंकर मारली आणि मी फुगले. फुगून बसायची सवय तेव्हापासूनची आहे, असं कपाटातले माझे शेजारी म्हणतात. म्हणू देत. माझं बूचही काचेचं आहे आणि ते माझ्याच मानेत घासून घासून बसवलेलं आहे. दुसऱ्या कुणाचं बूच मला चालत नाही.

मग एका कारखान्यात माझ्या पोटात पाणी भरलं गेलं. इथेच खरी गंमत आहे. तुम्ही शाळेत शिकला असाल की पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन मूलद्रव्यांचं बनतं. त्यातला हायड्रोजन म्हणजे सगळ्या मूलद्रव्यांचं शेंडेफळ. त्याच्या अणूच्या मध्यभागी, म्हणजे अणुकेंद्रकात, एकच प्रोटॉन. बाहेर एकच इलेक्ट्रॉन. एवढाच त्याचा संसार. पण सहा-सात हजार हायड्रोजन अणू गोळा केले, तर त्यांत एखादा असा निघतो, की त्याच्या केंद्रकात प्रोटॉनशेजारी एक न्यूट्रॉनही मुक्कामाला असतो. हा न्यूट्रॉन अगदी मुकाट प्राणी. त्याला ना धन प्रभार, ना ऋण प्रभार. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. बसल्या जागी फक्त वजन वाढवतो.

आता सांगा, त्या अणूला हायड्रोजन म्हणायचं की नाही? म्हणायचं. कारण मूलद्रव्याचं नाव ठरतं ते प्रोटॉनच्या संख्येवरून, आणि प्रोटॉन तर एकच आहे. अशा अणूला ड्युटेरिअम म्हणतात, आणि तो हायड्रोजनचा समस्थानिक आहे. म्हणजे मूलद्रव्य तेच, प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन मात्र वेगळे. असे भारी हायड्रोजन वेचून वेचून जे पाणी बनवतात, ते जड पाणी. माझ्या पोटात तेच आहे.

जड म्हटल्यावर तुम्हाला वाटेल की मला उचलायला दोन माणसं लागत असतील. छे! साध्या पाण्याहून ते साधारण दहाव्या हिश्श्याने जड भरतं. हाताला कळतसुद्धा नाही. दिसायला तसंच, वासाला तसंच, वाहायलाही तसंच. एवढा मोठा मान, आणि तो दाखवायची काही सोय नाही! याचं मला फार वाईट वाटायचं.

मला शाळेत आणलं मणीसरांनी. त्यांचं हे नाव मुलांनी पाडलेलं. बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात ते लाल आणि काळे मणी ठेवायचे. लाल मणी म्हणजे प्रोटॉन, काळे म्हणजे न्यूट्रॉन. टेबलावर मणी मांडून ते अणू शिकवायचे. वर्षातून एकदा मला कपाटातून काढायचे, उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "बघा रे, या बाटलीत काय विशेष आहे ते नुसतं बघून सांगा." मुलं डोळे ताणून ताणून बघायची. कुणी म्हणायचं तेल आहे, कुणी म्हणायचं औषध आहे. त्या दिवशी मी अगदी हवेत असायची.

कपाटात माझे शेजारी कोण म्हणाल, तर शिष्ट आम्लांच्या बाटल्या, स्वतःच्या निळ्या रंगावर भाळलेलं मोरचूद आणि जिथे जाईल तिथे डाग पाडणारं आयोडिन. या सगळ्यांना सांभाळायच्या त्या मावशी. प्रयोगशाळेत झाडण्यापासून परीक्षानळ्या धुण्यापर्यंत सगळं त्याच करायच्या. एकदा मणीसर त्यांना म्हणाले, "मावशी, हिचं बूच कधी सैल पडू देऊ नका हं. हवेत ओलावा असतो. तो आत शिरत राहिला, तर हे पाणी हळूहळू साधं होऊन जाईल."

"मग वरून मेण लावून टाकू?" मावशींनी विचारलं.

"लावा की. आणि तडकलं की बदला."

झालं. मावशींनी हे काम जे उचललं, ते कायमचंच. दर वर्षी त्या मेणबत्तीचं थोटूक स्पिरिटच्या दिव्यावर वितळवायच्या, जुनं मेण नखाने सोलून काढायच्या आणि माझी मान हळूहळू फिरवत नवं मेण ओतायच्या. "चला, आता तुमची टोपी बसवू या," असं मला म्हणायच्या. मला कुणीतरी अहो-जाहो करतंय, हे फार आवडायचं.

पुढे मणीसर निवृत्त झाले आणि काही वर्षांनी वारले. विज्ञानाला कधी शिक्षक असायचे, कधी नसायचे. मला बाहेर काढणारं कुणी उरलं नाही. माझ्यावरची छापील चिठ्ठी कसरीने खाऊन टाकली. मावशींनी राहिलेली लक्तरं खरवडली, कागदाचा नवा तुकडा चिकटवला आणि आपल्या गोल गोल अक्षरात लिहिलं, 'जड पाणी'. नवी टोपी तर दर वर्षी मिळत होतीच. मित्रांनो, मी अंधारात होते खरी, पण मला कुणी विसरलं नव्हतं.

मग नव्या बाई आल्या. विज्ञान शिकवायला. हुशार, चटपटीत, कामाचा उरक भारी. आल्या आल्या त्यांनी कपाट आवरायला काढलं. एकेक बाटली हातात घेऊन त्या नाव वाचत होत्या. माझ्यापाशी थांबल्या.

"मावशी, हे अक्षर कुणाचं?"

"माझं. जुनी चिठ्ठी कसरीनं खाल्ली ना."

"आणि हे मेण तर अगदी नवं दिसतंय."

"मीच लावलं, गेल्या महिन्यात. दर वर्षी बदलते मी."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "गेल्या वर्षी इथली फळी कोसळली होती म्हणे. बऱ्याच बाटल्या फुटल्या."

"फुटल्या. पण ही नाही फुटली. ही मी वरच्या वर झेलली."

 बाईंच्या मनात काय आलं ते मला कळलं. कोसळलेली फळी, नवी चिठ्ठी, नवं मेण. जड पाणी सांडलं असेल आणि मावशींनी नळाचं भरून ठेवलं असेल, असंच कुणालाही वाटलं असतं. मावशींनी मला जपल्याच्या ज्या ज्या खुणा होत्या, त्या सगळ्या त्यांच्यावरच उलटल्या होत्या.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला नाही, परीक्षा करायची ठरवलं. मेण काढलं, बूच उघडलं आणि माझ्या पोटातलं थोडं पाणी परीक्षानळ्यांमध्ये घेतलं. लिटमस कागद बुडवला, रंग बदलला नाही. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, पाणी गढूळ झालं नाही. काचेच्या बशीत दोन थेंब आटवून पाहिले, मागे काही उरलं नाही. मोरचूद भाजून पांढरं केलं आणि त्यावर एक थेंब सोडला, ते लगेच निळं झालं. पाणी लागलं की ते निळं होतंच. शेवटी थोडं उकळून तापमान पाहिलं. पारा नेहमीच्या उकळीपेक्षा थोडा वरच गेला. बाई पुटपुटल्या, "हा तापमापीपण जुनाच," आणि त्यांनी तो बाजूला ठेवला.

प्रत्येक परीक्षेत एकच उत्तर आलं. पाणी. शुद्ध, साधं पाणी.

मला हातात घेऊन त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. मुख्याध्यापक शांत माणूस. त्यांनी मावशींना बोलावलं. म्हणाले, "सांडलं असेल तर सांगून टाका. हातून सांडणं काही गुन्हा नाही. पण सांडल्यावर साधं पाणी भरून वर चिठ्ठी लावणं, हे बरं नाही."

"सांडलंच नाही, तर काय सांगू सर?"

"बाईंनी तपासलंय."

"तपासलं असेल. मी कुठं नाही म्हणते? पण हे सरांनी दिलेलंच पाणी आहे."

मुख्याध्यापकांनी सुस्कारा सोडला. "किल्ली इथे ठेवा. सोमवारपासून तुम्ही फाटकापाशी बसायचं. प्रयोगशाळेत दुसरं कुणी बघेल."

मावशींनी कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.  मला कपाटात परत ठेवायला त्याच आल्या. माझ्या उघड्या बुचावर त्यांनी बोट फिरवलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "सरच तर फसले नसतील ना गं? त्यांना कुणी साधं पाणीच दिलं असेल, तर?" मित्रांनो, चोरीचा आळ त्यांनी कसाबसा सोसला होता. पण मणीसरांच्या शब्दावरचा त्यांचा विश्वास डळमळला, ते पाहून मला रडू आलं. मी काच आहे. काचेला रडता येत नाही, हे माझं दुर्दैव.

दोन दिवसांनी बाईंचा वर्गावर तास होता. आमच्या शाळेत विज्ञानाचा तास प्रयोगशाळेतच होतो, त्यामुळे कपाटाच्या काचेतून मला सगळं दिसतं. बाईंना कोपऱ्यात तो बिस्किटांचा डबा सापडला होता. त्यांनी मणी टेबलावर ओतले आणि अणू मांडायला सुरुवात केली. हेलियमचे दोन लाल, दोन काळे. कार्बनचे सहा लाल, सहा काळे. मग त्यांनी फळ्यावर क्लोरिनचं अणुवस्तुमान लिहिलं, ३५.५.

लगेच एक हात वर झाला. ही मुलगी इतके प्रश्न विचारायची, की सगळे तिला 'शंका' म्हणत.

"बाई, प्रोटॉन-न्यूट्रॉन मोजून वजन येतं ना? मग अर्धं कुठनं आलं? न्यूट्रॉन काय चिरून घातलाय का?"

वर्ग हसला. बाईही हसल्या. "चिरता येत नाही. क्लोरिनचे अणू दोन तऱ्हेचे असतात. दोघांत प्रोटॉन सतराच. पण एकात न्यूट्रॉन अठरा, दुसऱ्यात वीस. म्हणजे एकाचं वजन पस्तीस, दुसऱ्याचं सदतीस. निसर्गात पस्तीसवाले साधारण तीन असले, तर सदतीसवाला एक. आता काढ सरासरी."

शंकाने बोटांवर हिशोब केला. "पस्तीस... आणि अर्धं! आलं की!" तिचा चेहरा उजळला. मलाही नवल वाटलं. कपाटात क्लोरिनवाले इतके शेजारी आहेत, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाई फळ्याकडे वळल्या आणि लिहू लागल्या, 'समस्थानिकांमध्ये इलेक्ट्रॉन सारखेच असतात, म्हणून त्यांचे रासायनिक गुणधर्म सारखेच असतात.'

"म्हणजे बाई," शंका पुन्हा उठली, "दोघांवर कुठलंपण रसायन टाकलं, तरी सारखंच होणार?"

"हो, सारखंच."

"मग कुठला कुठला ते ओळखायचं कसं?"

"रसायन टाकून ओळखता येणार नाही. त्यांचं वजन..."

बाईंचा खडू फळ्यावरच थांबला.  वर्गात चुळबुळ सुरू झाली. बाई सावकाश वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अरे देवा," त्या म्हणाल्या, "मग परवा मी काय केलं?"

मित्रांनो, तुमच्या ध्यानात आलं असेल. लिटमस, सिल्व्हर नायट्रेट, मोरचूद, या सगळ्या रसायनांच्या परीक्षा. रसायनांचे व्यवहार इलेक्ट्रॉन बघतात. केंद्रकात एखादा न्यूट्रॉन जास्त बसला आहे, हे या परीक्षांना दिसतच नाही. पाण्यातला हायड्रोजन साधा असो की भारी, या परीक्षा दोन्हींना नुसतं पाणीच म्हणणार. ज्या परीक्षेत फरक कळणंच शक्य नव्हतं, त्या परीक्षेवरून मावशी खोट्या ठरल्या होत्या.

बाईंनी मला कपाटातून काढलं. दोन अगदी सारख्या छोट्या कुप्या घेतल्या. एकीत नळाचं पाणी खुणेपर्यंत भरलं, दुसरीत माझं. दोन्ही कुप्या तराजूच्या दोन पारड्यांत ठेवल्या. माझ्या बाजूचं पारडं खाली गेलं.

"पारडंच वाकडं असेल तर?" शंकाने विचारलं.

बाईंनी कुप्यांची अदलाबदल केली. आता दुसरं पारडं खाली गेलं. वर्गात एकच गलका झाला. बाई तशाच मुख्याध्यापकांना बोलावून घेऊन आल्या.

मुख्याध्यापकांनी दोन्ही कुप्या वर धरून पाहिल्या. "बाई, पाण्यात मीठ विरघळवलं, तरी ते जड होतं. तसं कुणी केलं नसेल कशावरून?"

प्रश्न रास्त होता. माझा तर जीव टांगणीला लागला. पण बाई आता घाई करत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "परवाच्या परीक्षा इथे कामाला येतील, सर. मीठ असतं तर सिल्व्हर नायट्रेटने पाणी गढूळ झालं असतं. दुसरं काही विरघळलेलं असतं, तर आटवल्यावर बशीत उरलं असतं. यात काहीही मिसळलेलं नाही, तरी ते जड आहे. आणि त्या तापमापीवर मी उगाच आळ घेतला. जड पाणी थोडं उशिराच उकळतं."

मुख्याध्यापक विचारात पडले. "मला पटतंय. पण मी मावशींची किल्ली काढून घेतलीय. शिपायांपासून शिक्षकांपर्यंत सगळ्यांना माहीत झालंय. मला असं काहीतरी दाखवा, की रसायनशास्त्र न शिकलेल्यालाही ते दिसेल."

"बर्फ करू या," बाई म्हणाल्या. "पाण्याचा बर्फ पाण्यावर तरंगतो. खाऱ्या पाण्याचाही तरंगतो. जड पाण्याचा मात्र साध्या पाण्यात बुडतो."

शिक्षकांच्या खोलीत एक फ्रीज होता. मुख्याध्यापकांनी स्वतःच्या हाताने एका साच्यात नळाचं पाणी भरलं, दुसऱ्यात माझं ओतलं आणि खोलीला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. मुलं बाकांवर चढली होती. मावशींना बोलावणं गेलं होतं, पण त्या दारातच उभ्या राहिल्या. आत येईनात. टेबलावर मोठा बीकर होता, नळाच्या पाण्याने भरलेला. बाईंनी आधी नळाच्या पाण्याच्या बर्फाचा खडा सोडला. तो बुडी मारून वर आला आणि तरंगत राहिला. मग माझ्या पाण्याचा. दोन्ही खडे दिसायला इतके सारखे, की मीही ओळखले नसते.

माझा खडा पाण्यात शिरला आणि थेट तळाशी गेला. टक् असा बारीकसा आवाज झाला. तो वर आलाच नाही.

 मग जो आरडाओरडा झाला, त्याने कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या. मुलं टाळ्या पिटत होती. शंका तर नाचतच होती. बाई मावशींकडे वळल्या. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, एवढ्यात मावशी दारातून धावत आत आल्या.

"अहो, बघत काय बसलात? काढा ना ते! वितळतंय! साध्या पाण्यात मिसळून वाया जाईल सगळं!"

आणि कुणी काही करायच्या आत त्यांनी बाही सारून हात बीकरमध्ये घातला, तळाचा खडा उचलला आणि एका कोरड्या परीक्षानळीत टाकून वर बूच दाबलं. मगच त्यांनी श्वास सोडला.  आपण निर्दोष ठरलो, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की सरांनी सांभाळायला दिलेलं पाणी चाललंय.

मुख्याध्यापकांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "चूक झाली आमची," ते म्हणाले. 

"आमची नाही सर, माझी," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मावशी, मला माफ करा. मी चुकीची परीक्षा घेतली आणि नापास तुम्हाला केलं."

मावशींनी किल्ली कमरेला अडकवली. परीक्षानळीतला खडा वितळत होता, त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "म्हणजे सर फसले नव्हते."

"नाही. मुळीच नाही."

"मग बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?" मावशी जरा लाजल्या. "एवढी वर्षं मी हे सांभाळलं. पण हे जड म्हणजे नेमकं काय, ते मला कुणी कधी सांगितलंच नाही."

 बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलांना सरकायला सांगितलं. जन्मभर ते बाक पुसलेल्या मावशी त्यावर बसल्या, अगदी कडेला, अंग चोरून. बाईंनी त्यांच्यासमोर एक लाल मणी ठेवला. म्हणाल्या, "हा हायड्रोजन." मग त्याच्या शेजारी एक काळा मणी सरकवला. "आणि आता?"

मावशींनी वाकून पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, मग एकेक करून त्या विरल्या. "आता... आता पण हायड्रोजनच. फक्त सोबतीला कुणीतरी आहे," त्या म्हणाल्या, आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

मित्रांनो, माझ्या पोटातलं पाणी त्या सगळ्या गडबडीत बोटभर कमी झालं. मला त्याचं काही वाटत नाही. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तू जपा, त्या जपणाऱ्या माणसांना जपा. आणि कुणाच्या हाती एखादी वस्तू सांभाळायला द्याल, तेव्हा दोन मिनिटं त्याच्यापाशी बसा आणि ती काय आहे, तेही त्याला सांगा.